बिननंबरचा पंख आणि आमचा माळ

साल दोन हजार तेवीस. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं आणि गुडघे सोडले तर बाकी सगळं अंग माझं ऐकत होतं. घरातली माणसं ऐकत नव्हती, पण ती आधीपासूनच ऐकत नव्हती.

आमचं गाव कर्जत आणि खालापूरच्या मधलं. गावामागे डोंगराची एक सोंड खाली उतरते. ती जिथे संपते तिथे माझा वरकस माळ आहे. वरकस म्हणजे जिथे भात होत नाही अशी जमीन. वडील तिथे नाचणी आणि वरी करायचे, मी गवत राखतो. माळाच्या खाली भातखाचरं, भात निघालं की त्यात वाल. तिन्ही बाजूंना मुंबईच्या लोकांचे बंगले झाले, कंपाउंडं उठली, एकाने तर भिंतीवर काचा लावल्या. माझा माळ तेवढा मोकळा राहिला. कारण कोणी जमीन विकत मागायला आला तर मी त्याला पाणी देतो, चहा देत नाही. माणूस तेवढ्यावरून समजून जातो.

शाळा माझी तिसरीपर्यंत झाली. तिसरीत मी दोन वर्षं होतो, तेव्हा चौथीपर्यंत धरायला हरकत नाही.

त्या वर्षी आमची नात आमच्याकडेच राहायला होती. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, नेरळला ब्लॉक घेऊन राहतो. पण पोरगी मोहोपाड्याच्या एका कारखान्यात लॅबमध्ये लागली आणि तिला आमच्या घरून जाणं सोयीचं पडायचं. दिवाळी झाल्यावर एका दुपारी जेवताना ती म्हणाली, "आबा, मी उडायला शिकतेय."

"कुठं?"

"हवेत. अजून कुठं उडतात?"

आमची म्हातारी भाकर थापत होती. ती म्हणाली, "आदी चुलीवरचा तवा उतरायला शिक. मागच्या खेपंला फडकं जाळलंस."

मग पोरीने मोबाइलवर फोटो दाखवला. एक मोठा तिकोनी पंख, ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणलेलं कापड. खाली माणूस झोळीत पालथा लोंबतोय आणि त्याच्या हातात एक दांडी. मी विचारलं, "ह्याला इंजिन कुठं हाय?"

"नाय. बिनइंजिनचं हाय. डोंगरावरून पळत जायचं आणि सुटायचं."

"आणि नंबर?"

"कसला नंबर?"

"गाडीचा नंबर. उद्या कुणाच्या डोक्यावर पडलं तर तक्रार करायची कुणाच्या नावानं?"

"आबा, बिनइंजिनच्याला नंबर नसतो."

तिथे मी हात धुतले. जेवण झालंच होतं, पण तिला वाटलं मी रागाने उठलो. मी तसंच वाटू दिलं.

नंबराचं मला का लागलं होतं ते सांगतो. आमच्या तरुणपणी सायकललासुद्धा बिल्ला असायचा. तालुक्याच्या गावात बिल्ल्याशिवाय सायकल दिसली की अडवायचे. सायकलला दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडून द्यायचे आणि माणूस गावापर्यंत सायकल ढकलत यायचा. बैलगाडीलाही बिल्ला होता. आता जमिनीवर रांगत चालणाऱ्या बैलगाडीला बिल्ला लागतो आणि माणसाच्या डोक्यावरून जाणाऱ्याला लागत नाही, हा कुठला कायदा? आणि दिवा नसला तर ह्याची हवा कुठून सोडणार?

हे मी त्या उडवणाऱ्या सरांनाच विचारलं. ते पुण्याकडचे, उन्हाने रापलेले, बोलायला गोड. सुट्टीच्या दिवशी चार-पाच पोरापोरींना घेऊन यायचे. आमच्याच गावच्या माझ्या दोस्ताच्या टेंपोतून ते लांबलचक पंख गुंडाळून वर चढवायचे. माझ्या दोस्ताला सगळे भाई म्हणतात. त्याचे वाडवडील खाडीकडून इथे येऊन कौलांचा धंदा करायला लागले. आता कौलं गेली आणि टेंपो राहिला. आम्ही एका वर्गात होतो. तो चौथी पास झाला, हे तो मला अजून सांगतो.

सर एका रविवारी घरी आले. त्यांना माझा माळ हवा होता. वरून उडालेल्याला खाली उतरायला सपाट, मोकळी जागा लागते. पूर्वी ते ज्या जागेत उतरायचे तिथे प्लॉट पडले, तारा ठोकल्या. आता नाल्यापलीकडची एक चिंचोळी पट्टी राहिली होती आणि तिच्या कडेने विजेच्या तारा. शिकाऊ मुलांना वरच्या डोंगरावरून एकट्याने सोडायचं तर तिथे सरांना भीती वाटत होती.

"आजोबा, तुमचा माळ मिळाला तर तुमची नात या मोसमात पूर्ण शिकेल. नाही मिळाला तर तारा सांभाळत एखादं उड्डाण होईल, पण सर्टिफिकेटला लागतात तेवढी नाही व्हायची. होळीनंतर वारा बिघडतो, आम्ही निघून जातो."

मी विचारलं, "लायसन कोण देतो?"

"इंजिनवालं असेल तर सरकारी विमान खातं. त्याला नंबर रंगवावा लागतो, डॉक्टरचा दाखला लागतो, सगळं लागतं. बिनइंजिनच्याला आमच्या संस्थेचं सर्टिफिकेट. सध्या तरी तसं धरून चालतो."

"सध्या तरी म्हणजे?"

सरांनी मान खाजवली. "नियम बदलणार म्हणतात. आम्ही विचारून ठेवलंय. उत्तर आलेलं नाही."

"म्हणजे तुमालाच म्हाईत नाय."

"थोडंफार तसंच आहे, आजोबा."

खरं बोलणारा माणूस मला आवडतो, पण तेवढ्यावर माळ देता येत नाही. मी सांगितलं, "ज्याला नंबर नाय ते माझ्या माळावर उतरायचं नाय. आणि माळ मोकळा नसतोच. तिथं आमचं काम चालू असतं."

"कसलं काम?" म्हातारीने आतून विचारलं. तिला असल्या वेळी चांगलं ऐकू येतं.

सर उठता उठता म्हणाले, "काही हरकत नाही. फक्त एक सांगतो, आमचा नियम कडक आहे. मालकाच्या परवानगीशिवाय कोणाच्या जमिनीत उतरलं तर त्या विद्यार्थ्याचं शिकणं त्या मोसमापुरतं बंद. आणि परवानगी लेखी लागते."

"लेखी?" मी म्हणालो. "ह्या गावात माझा शब्द हीच लेखी हाय."

ते गेल्यावर नात माझ्यासमोर येऊन बसली. रडली-बिडली नाही, तसली ती नाही. एवढंच म्हणाली, "आबा, तुमाला त्या पंखाचं लेखी पायजे. पण तुमचं लेखी तुमी देनार नाय."

"माझं वेगळं हाय."

"कसं वेगळं?"

"मी उडत नाय."

म्हातारी म्हणाली, "आणि ती तुमची फटफटी? तिला नंबर होता, पन चालवनाऱ्याला लायसन कुटं होतं?"

"तवा रस्ताच नव्हता. लायसन कशाला पायजे?"

तर असं आमचं घर. पोरीने बापाला फोन केला तर तो म्हणाला, "आबांना विचार, माळ त्यांचा हाय." म्हणजे सगळं माझ्यावर. पोरीला उडायचं होतं आणि मला शब्द मागे घ्यायचा नव्हता. मधे माळ पडला होता, गवताने भरलेला, कोणाच्याच कामाचा नाही.

पण शिकणं चालूच होतं. टेंपो जायचा त्या वाटेवर माझं खाचर, तेव्हा वालाकडे बघायला मला जावंच लागायचं. वालाकडे बघता बघता पलीकडच्या टेकाडावर काय चाललंय तेही दिसायचं, त्याला मी काय करणार. आधी पोरं नुसती पळायची. मग पंख पाठीवर घेऊन पळायची. मग पळता पळता पाय सुटायचे आणि चार हातांवर जाऊन तोंडावर पडायची. आमची नात सगळ्यात जास्त पडली, कारण सगळ्यात जास्त तीच पळाली. गुडघे फोडून घरी यायची. म्हातारी हळद लावायची आणि शिव्या मला घालायची.

एक गोष्ट मला तिथेच कळली. दांडी आपल्याकडे ओढली की पंख जोरात पळतो. पुढे लोटली की हळू होतो. बैलाचं बरोबर उलट. बैलाचा कासरा ओढला तर तो थांबतो. इतकी वर्षं माणसाचा हात एका पद्धतीने चालला, तो ह्या पोरांना उलटा करून घ्यावा लागत होता. उतरताना जमीन पायाखाली आली की दांडी सगळी वर लोटायची, मग पंख उभा राहतो आणि माणूस दोन पायांवर येतो. आधी लोटली तर वरून आपटतो. नंतर लोटली तर नाक जमिनीत. सर हे ओरडून ओरडून सांगायचे. तुम्ही वालाला पाणी घालत असलात तरी कानावर पडणारच.

माघ लागला. वालाच्या शेंगा भरल्या. एका रविवारी सकाळी नात कपाळाला अंगारा लावून निघाली. म्हातारीने लावला होता. त्या दिवशी तिला पहिल्यांदा वरच्या डोंगरावरून एकटीला सोडणार होते आणि उतरायचं होतं नाल्यापलीकडच्या पट्टीत, त्या तारांच्या शेजारी.

आता मी पेचात. माळावर आमचं काम असतं असं मी सांगून बसलो होतो. वरून तर सगळं दिसतं. त्या दिवशी माळ रिकामा दिसला असता तर सर काय म्हणाले असते? भाई काय म्हणाला असता? म्हणून मी ठरवलं, माळावर काम काढायचं. काम काय, तर पोपटी.

आमच्या भागातल्या माणसाला पोपटी सांगायला नको, पण बाहेरचा कोणी वाचत असेल तर सांगतो. मडक्यात तळाला भामरुडाचा पाला घालायचा. वर वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, ओवा आणि जाडं मीठ. मग परत पाल्याने तोंड गच्च बंद करून मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब घालत नाहीत. पोपटी करायची ती संध्याकाळी, गार पडल्यावर, चार माणसं गोळा करून.

मी ती दुपारी तीनला लावली.

"ऊन बघा," म्हातारी म्हणाली. तरी मडकं डोक्यावर घेऊन माळापर्यंत आली. "ह्या उनात पोपटी कोन खातंय?"

"भूक लागलीय मला."

"आत्ता जेवलाय."

पेंढा जरा दमट होता. पाल्याचाही थोडा भाग बाहेर राहिला असेल. धूर असा उठला की बाजूच्या बंगल्यातला माळी भिंतीवर चढून बघायला लागला. पांढरा, जाड धूर, सरळ वर चढला आणि पूर्वेकडे कलला. मी समाधानाने कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. आता कोणी म्हणू दे माळ मोकळा होता म्हणून.

त्याच वेळी वर डोंगराच्या कडेवरून एक तांबडा-पिवळा पंख सुटला.

म्हातारीने माझा दंड धरला. लग्न झाल्यापासून चारचौघात तिने माझा दंड धरल्याचं मला आठवत नाही. पंख पहिल्यांदा जरा खाली गेला, मग सावरला आणि सोंडेच्या बाजूने लांब जाऊन वळला. झोळीत आमची पोरगी. खालून ती चिचुंद्रीएवढी दिसत होती. वळता वळता ती नाल्याकडे जायला पाहिजे होती. ती थांबल्यासारखी झाली, आणि पंख आमच्याकडे फिरला.

"इकडं कुटं येतेय ही?" मी म्हणालो.

मला तेव्हा कळलं नाही. नंतर तिनेच सांगितलं. उतरणाऱ्याला वारा कुठला ते दिसावं म्हणून खालची माणसं उतरायच्या जागेवर ओला पेंढा जाळून धूर करतात. सरांची ती खूणच होती. त्या दिवशी नाल्यावरही धूर केला होता, पण बारका. आणि आबांच्या माळावर हा एवढा मोठा धूर. पोरीला वरून वाटलं, आबांनी ऐकलं. आपल्यासाठी जागा करून ठेवली.

पंख मोठा होत आला. धुराच्या उलट बाजूने, वाऱ्याला तोंड करून, गवताच्या शेंड्यांवरून ती आली. कापडाचा सूं सूं आवाज मला ऐकू आला. माझ्या तोंडून काय निघालं ते गावाने ऐकलं, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

"लोट!" मी ओरडलो. "दांडी लोट गं, लोट!"

तिने लोटली नाही. आणखी पुढे आली, पाय खाली सोडले, मग दोन्ही हातांनी दांडी वर लोटली. पंख उभा राहिला आणि पोरगी दोन पायांवर माळात उभी. पोपटीपासून एवढ्याशा अंतरावर. गवतातून तिने पहिलं काय विचारलं असेल? "आबा, बघितलंत?"

म्हातारी पळत गेली. मीही जाणार होतो, पण कोणीतरी मडक्याजवळ थांबायला हवं होतं.

तेवढ्यात नाल्याकडून टेंपो आला. त्यातून सर उतरले आणि भाई. सरांचा चेहरा उतरलेला. त्यांनी आधी पोरीचे हातपाय नीट बघितले, पाठीवर थाप मारली, आणि मग हळू आवाजात म्हणाले, "उतरलीस छान. पण इथे का उतरलीस? नियम माहीत आहे ना तुला?"

पोरगी हसत होती ती थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, मग धुराकडे, मग पालथ्या मडक्याकडे. मडकं बघून तिला समजलं. तिचा चेहरा असा पडला की मला तो बघवेना. आबांनी धूर केला होता, असं ती सहज सांगू शकली असती. नाही सांगितलं. माझीच नात ती.

सर माझ्याकडे वळले. "आजोबा, हा धूर कोणी केला?"

आता सगळं माझ्या एका शब्दावर होतं. धूर पोपटीचा आहे म्हटलं असतं तर माझा शब्द राहिला असता आणि पोरीचं शिकणं तिथेच बंद.

"मी केला," मी म्हणालो. "कुनाचे हात काळे दिसतायत?"

"तिच्यासाठी केला?"

"मग काय माझ्यासाठी? मला कुटं उतरायचंय?"

भाई मडक्याकडे बघून म्हणाला, "आरं वा. आनि विमान उतरेपर्यंत कोंबडी पन शिजतेय."

"तू गप रं. चौथी पास."

सर हसू दाबत होते. "म्हणजे तुमची परवानगी आहे म्हणायची. आणि नंबराचं काय?"

इथे मी अडकलो. नंबराशिवाय उतरायचं नाही हा शब्दही माझाच होता, आणि तो भाईसमोर किमान दहा वेळा बोललो होतो. मी खाकरलो. तेवढ्यात नात झोळीतून सुटून पंखाखाली वाकली आणि तिथूनच म्हणाली, "आबा, जरा इकडं या."

मधल्या नळीजवळ कापडाच्या शिवणीत एक बोटभर पट्टी शिवली होती. त्यावर आकडे. मी वाकून बघितलं. चष्मा घरी होता, पण आकडे होते हे नक्की.

"हे काय?"

"नंबर," ती म्हणाली.

सर घाईने म्हणाले, "तो कारखान्याचा नंबर आहे, सरकारी नाही—" पण पोरीने त्यांच्याकडे असं बघितलं की ते मधेच थांबले.

मी कंबर सरळ केली. "नंबर हाय की. मग इतके दिवस नाय नाय काय करत होतात? सर, आपल्या गाडीचा नंबर आपल्याला म्हाईत पायजे."

"चुकलंच माझं," सर म्हणाले. भला माणूस.

म्हातारीने पदर तोंडाला लावला होता. ती धुराने खोकतेय असं मी धरून चाललो.

मग पोपटी उघडली. ह्या गडबडीत जाळ एकाच बाजूला लागला होता. अर्ध्या शेंगा कच्च्या, अर्ध्या करपलेल्या, कोंबडीचा एक पाय कोळसा. तरी सगळ्यांनी खाल्ली. सरांनी करपलेली शेंग सोलता सोलता सांगितलं, "आजोबा, एक बोलू? तुम्ही 'लोट' ओरडलात ना, ते जरा लवकर होतं. तिने ऐकलं असतं तर वरून आपटली असती."

"ऐकलं का तिनं?"

"नाही."

"मग? मला म्हाईत होतं ती ऐकनार नाय."

भाई म्हणाला, "पन सर, ह्याला कवा लोटायची ते कसं काय ठाऊक? हा तर वालाला पानी घालत होता." आणि तो स्वतःच इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

निघताना सर परत त्या लेखीवर आले. पुढच्या रविवारपासून सगळीच पोरं इथे उतरणार, तर दर वेळी पोपटीच्या भरवशावर राहता येणार नाही. मी सांगितलं, लेखी देणार नाही. एकदा शब्द म्हणजे शब्द. पण उद्या सकाळी येऊन माळ बघा.

पोरगी म्हणाली, "उद्या काय बघायचंय?"

"ते सरांना सांगितलं. तुला नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोयता घेऊन बेटात गेलो आणि सगळ्यात सरळ वाढलेला बांबू तोडला. पोपटीची राख पडली होती त्याच्या जरा बाजूला, उतरणाऱ्याच्या पायात येणार नाही असा खड्डा खणला. म्हातारीचं जुनं लाल लुगडं फाडून बांबूच्या टोकाला बांधलं. ती बांधावर उभी राहून बघत होती. "हे कशाला?" तिने विचारलं.

"वालावरची पाखरं हाकायला."

"वाल खाली हाय. आनि निम्मा आपन काल खाल्ला."

मी बांबू उभा केला, खड्ड्यात दगड ठोकून बसवला आणि मागे सरून बघितलं. लुगडं जरा लोंबत राहिलं, मग वारा आला आणि ते पूर्वेकडे ताठ झालं. खाली रस्त्यावर टेंपोचा भोंगा वाजला. मी कोयता घेतला आणि माळावरचं उंच गवत कापायला सुरुवात केली.